अश्रू आणि आस्वाद

जपानी ॲनिमेच्या जगात ज्या कलाकृतींना चाहत्यांचे अपार प्रेम लाभले, त्यांतील बऱ्याच रडविणाऱ्या आहेत. ‘क्लॅनाड’, ‘आनोहाना’, ‘युअर लाय इन एप्रिल’, ‘व्हायोलेट एव्हरगार्डन’ या मालिका किंवा माकोतो शिंकाई यांचा ‘युअर नेम’ हा चित्रपट यांची नुसती नावे निघाली तरी चाहत्यांचा स्वर हळवा होतो. या कृती पाहून ज्याचे डोळे ओलावले नाहीत तो माणूस काळजाचा दगडच असला पाहिजे, असा एक अलिखित निवाडा त्यांच्या वर्तुळात रूढ झाला आहे. तथापि मोठ्या अपेक्षेने पाहायला बसून कोरडेच उठणारे प्रेक्षकही आहेत. त्यांनी आपली निराशा बोलून दाखविली, की त्यांच्या आक्षेपांना उत्तर मिळण्याऐवजी त्यांच्या संवेदनशीलतेविषयीच शंका घेतली जाते. आक्षेप बाजूला राहतो आणि आक्षेपकाच्या हृदयाची तपासणी सुरू होते.

हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न असता, तर त्याची एवढी चर्चा करण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु मृत्यू, वियोग, अपराधीपणा आणि क्षमा यांची पहिली कलात्मक ओळख अनेक तरुणांना आज या कृतींतूनच होते. भारतातील तरुणही त्याला अपवाद नाहीत. शिंकाई यांचा ‘वेदरिंग विथ यू’ हा चित्रपट ऑक्टोबर २०१९ मध्ये येथील चित्रपटगृहांत लागला, त्याच्या मागे चाहत्यांनी सह्या गोळा करून केलेली मागणी होती. पुढे २०२३ मध्ये त्यांचा ‘सुझुमे’ही येथे प्रदर्शित झाला. दुःख कसे ओळखावे आणि कसे सोसावे, हे एखादी पिढी ज्या कलेतून शिकते, त्या कलेची परीक्षा करण्याचा अधिकार त्या पिढीतील असमाधानी प्रेक्षकालाही असला पाहिजे.

रडविण्याचे तंत्र

निराश प्रेक्षकाचा पहिला आक्षेप असा, की या कृतींतील करुण हा कथेतून उमलत नाही, तो बाहेरून आणून बसविलेला असतो. हा आक्षेप निराधार नाही. जपानमध्ये १९९० च्या दशकाच्या अखेरीस संगणकावरील कथाखेळांचा एक प्रकार ‘नाकिगे’ या नावाने ओळखला जाऊ लागला. ‘नाकी’ म्हणजे रडणे. तेव्हा रडविणारा खेळ, असाच या नावाचा सरळ अर्थ. ‘की’ या संस्थेचे ‘कॅनन’ (१९९९), ‘एअर’ (२०००) आणि ‘क्लॅनाड’ (२००४) हे खेळ त्यात विशेष गाजले आणि त्यांवरून पुढे मालिका निघाल्या. आरंभी विनोद व दैनंदिन जीवनातील गोडवा, मग जिव्हाळा, त्यानंतर आजार किंवा ताटातूट आणि शेवटी अश्रूंना वाट करून देणारे मीलन किंवा निरोप, असा त्यांचा साचा ठरून गेला. साचा असणे हा स्वतःच दोष नव्हे. कीर्तनालाही साचा असतो आणि शोकांतिकेलाही. परंतु अश्रू हे आधीच ठरविलेले गंतव्यस्थान झाले, की पात्रे तेथे पोहोचण्याची वाहने होतात, ही भीती खोटी नाही.

त्यात दूरचित्रवाणीच्या वेळापत्रकाची भर पडते. जपानमध्ये अनेक मालिका तीन महिन्यांच्या हंगामासाठी, म्हणजे ११ ते १३ भागांत बेतल्या जातात. ‘आनोहाना’ (२०११) ११ भागांची, तर जुन माएदा यांनी लिहिलेली ‘एंजल बीट्स’ (२०१०) १३ भागांची. एवढ्या अवकाशात दहा-बारा पात्रांची दुःखे मांडायची म्हटल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला एक पूर्वकथा, एक गाणे आणि एक निरोप येतो. प्रेक्षकाने त्या माणसाला पुरते ओळखण्यापूर्वीच त्याच्यासाठी रडावे, अशी अपेक्षा केली जाते. संगीत मग कथेची साथ करीत नाही, तिच्या जागेवरच येऊन बसते.

‘आनोहाना’चेच उदाहरण घ्यावे. चिचिबु या डोंगराळ गावातील मित्रांची एक टोळी मेन्मा या मैत्रिणीच्या अपघाती मृत्यूनंतर विखुरते. पुढे किशोरवयात मेन्माचे भूत त्यांना पुन्हा एकत्र आणते. यातील अपराधीपणाचे चित्रण सखोल आहे. मेलेल्या मुलीसारखा वेश करून रात्री रानात हिंडणारा मुलगा ही प्रतिमा अस्वस्थ करणारी आणि प्रामाणिक आहे. त्याहून प्रामाणिक आहे तो मेन्माच्या आईचा संताप. तुम्ही सारे वाढलात आणि माझी मुलगी तेवढी मागे राहिली, ही तिची तक्रार कोणत्याही सांत्वनाने शमणारी नाही. परंतु मालिकेला या आईजवळ फार वेळ थांबवत नाही. शेवटच्या भागात सारे मित्र एकामागून एक मोठ्याने रडतात, मेन्मा सर्वांना क्षमा करून नाहीशी होते आणि प्रश्न मिटतो. स्वतः मेन्माला काय हवे होते? बहुतांशी इतरांचे भले, एवढेच उत्तर हाती येते. निराश प्रेक्षक म्हणतो तो एवढेच, की आई राहिली आणि मेन्माही राहिली. याला पाषाणहृदयीपणा म्हणता येणार नाही.

‘युअर लाय इन एप्रिल’ (२०१४-१५) या मालिकेबाबतचा आक्षेप अधिक गंभीर आहे. कोसेइ आरिमा हा मुलगा आजारी आईच्या कठोर, मारहाणीपर्यंत जाणाऱ्या शिकवणीखाली पियानो शिकतो आणि तिच्या मृत्यूनंतर त्याला स्वतःचेच वादन ऐकू येईनासे होते. ज्या आईवर प्रेम आहे तिचीच दहशतही आहे, हा विषय कोणत्याही मोठ्या कलावंताला पुरून उरावा असा आहे. परंतु त्याचे उत्तर म्हणून काओरी ही व्हायोलिन वाजविणारी मुलगी येते, त्याला पुन्हा वाद्यापुढे बसविते आणि मरण पावते. तिच्या आजाराचे नावही मालिका सांगत नाही. तिच्या मनातील प्रेम तिच्या मृत्यूनंतर एका पत्रातून कळते. हे पत्र वाचल्यावर आधीचे प्रसंग नव्या प्रकाशात दिसतात, हे लेखकाचे कसब मान्य केलेच पाहिजे. पण मुलाला शहाणे करण्यासाठी मुलीने मरावे आणि तिचे अंतरंग तिच्या पश्चात उलगडावे, ही योजना एका मालिकेपुरती राहिलेली नाही. ती वारंवार आढळते. आजारी माणूस हा दुसऱ्याच्या उन्नतीचे साधन नसतो, एवढे तरी तरुण प्रेक्षकाला कोणीतरी सांगायला हवे.

समर्थकांचा पक्ष

समर्थकांचा पक्ष दुबळा आहे असे मात्र समजू नये. त्यांच्या पाठीशी जपानची थोर परंपरा उभी आहे. अठराव्या शतकातील विद्वान मोतोओरी नोरिनागा यांनी ‘गेंजी’च्या कथेचे विवरण करताना असे प्रतिपादिले, की कथेचे प्रयोजन नीतिबोध नव्हे, वस्तुजाताच्या क्षणभंगुरतेने हृदय हेलावणे, ज्याला जपानी भाषेत ‘मोनो नो आवारे’ म्हणतात, तेच तिचे मर्म होय. या दृष्टीने पाहता रडणे ही दुर्बलता नव्हे, तो एक संस्कार ठरतो. परंतु नोरिनागांनी ‘आवारे’ नुसते अनुभवावयास सांगितले नाही, ते ‘जाणावयास’ सांगितले आहे. ज्या वस्तूने मन हेलावले त्या वस्तूचे स्वरूप ओळखणे त्यात अभिप्रेत आहे. कशासाठी रडलो हे ज्याला सांगता येत नाही, त्याचा अनुभव अद्याप अर्ध्यावरच आहे.

आपल्याकडील रसचर्चाही याहून फारसे वेगळे सांगत नाही. भरताने शोक आणि करुण यांत भेद केला आहे. शोक हा भाव; विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगाने निष्पन्न होतो तो करुण रस. अभिनवगुप्ताने रसास्वादातील विघ्ने सांगताना, प्रेक्षकाने स्वतःच्याच सुखदुःखात गुरफटून जाणे, हेही एक विघ्न मानले आहे. पडद्यावरची आजारी आई पाहून स्वतःची आई आठवली आणि अश्रू आले, तर ते अश्रू खरेच असतात. परंतु त्यांचे श्रेय कलाकृतीला द्यावयाचे की आठवणीला, हा प्रश्न उरतो. न. चिं. केळकरांनी ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली, तिचाही आशय हाच, की वाचकाने पात्राशी तादात्म्य पावावे, पण स्वत्व न गमावता. निराश झालेला प्रेक्षक समाधीपर्यंत पोहोचत नाही हे खरे. पण रडून मोकळा झालेला प्रेक्षक पुष्कळदा विकल्प हरवून बसतो, हेही तितकेच खरे.

याच कसोटीवर ‘क्लॅनाड’चा दुसरा हंगाम (२००८-०९) पाहण्यासारखा आहे. त्यात नायक तोमोयाची पत्नी बाळंतपणात दगावते, पुढे लहान मुलगीही जाते आणि अखेरीस एका चमत्काराने काळ मागे फिरून दोघी परत मिळतात. या चमत्काराने आधीचा शोक स्वस्त झाला, असे अनेक प्रेक्षकांना वाटले आणि त्यात तथ्य आहे. परंतु याच मालिकेत तोमोयाला आजीकडून आपल्या बापाची हकीकत कळते तो प्रसंग आहे. ज्याला तो आयुष्यभर दारुडा आणि नालायक समजत आला, त्या बापानेही एकेकाळी पत्नी गमावून, लहान मुलाचा हात धरून संसार रेटला होता. तेथे कोणी मरत नाही आणि चमत्कार घडत नाही. एक मुलगा बाप झाल्यावर आपल्या बापाला ओळखतो, इतकेच घडते. ही ओळख अनेक भागांच्या संथ कथनाने मिळविलेली आहे. ज्याला चमत्काराने निराश केले, त्यालाही हा प्रसंग हलवून जातो. म्हणजे तक्रार अश्रूंविषयी नाही, न कमावलेल्या अश्रूंविषयी आहे.

टीकेचे फळ

टीका रसभंग करते, असे म्हणणाऱ्यांनी शिंकाई यांची वाटचाल पाहावी. २०१६ चा ‘युअर नेम’ जपानमध्ये २५ अब्ज येनांच्या वर कमाई करून गेला. धूमकेतूच्या आघाताने नष्ट झालेले गाव आणि त्यातील माणसे नायक-नायिकेच्या प्रयत्नाने काळ उलटवून वाचतात, हे त्याचे कथानक. ११ मार्च २०११ च्या भूकंपाने आणि त्सुनामीने १८ हजारांवर माणसे मृत वा बेपत्ता झालेल्या देशात हे स्वप्न लाखोंना दिलासा देऊन गेले. परंतु घडून गेलेला संहार असा पुसून टाकता येतो काय, असा रोखठोक सवालही काहींनी केला. शिंकाई यांनी या टीकेची दखल घेतल्याचे स्वतः सांगितले आहे. टीकाकारांना खूश करण्याऐवजी त्यांना अधिकच चिडवील असा चित्रपट करावयाचे त्यांनी ठरविले. तो ‘वेदरिंग विथ यू’ (२०१९). त्यात प्रेयसी वाचते, पण टोकियो पाण्याखाली जाते. म्हणजे इच्छापूर्तीची किंमत प्रथमच मोजली जाते. आणि ‘सुझुमे’मध्ये (२०२२) तो भूकंपच कथेत उघडपणे येतो. ११ मार्च या तारखेनंतर काळी केलेली मुलीच्या रोजनिशीची पाने दिसतात. तिची आई परत येत नाही. सुझुमे फक्त आपल्याच बालरूपाला भेटते आणि तू मोठी होशील, एवढे सांगते. पहिल्या चित्रपटापेक्षा हा दिलासा लहान आहे, पण खरा आहे. या वाटचालीत असमाधानी प्रेक्षकाचाही वाटा आहे, हे कसे नाकारता येईल?

‘व्हायोलेट एव्हरगार्डन’चा प्रश्न याहून नाजूक आहे. ती निर्माण करणाऱ्या क्योतो ॲनिमेशन या संस्थेवर १८ जुलै २०१९ रोजी जाळपोळीचा हल्ला झाला आणि ३६ कलावंत-कर्मचारी मृत्युमुखी पडले. पुढील वर्षी या मालिकेचा समारोप करणारा चित्रपट आला तेव्हा त्यावर टीका करताना संकोच वाटणे स्वाभाविकच होते. तरीही बालसैनिक म्हणून वापरली गेलेली मुलगी आणि तिचा सेनाधिकारी यांचे मीलन घडवून, मालिकेने तिला शिकविलेले विरहासह जगणे या चित्रपटाने पुसून टाकले, हा आक्षेप विचारार्ह आहे. मृतांचा आदर आणि कृतीची परीक्षा यांत विरोध मानण्याचे कारण नाही. कलावंताच्या श्रमांची बूज गंभीर टीकेनेही राखली जाते.

थोर कृतीलाही अश्रूंपासून धोका असतो, याचे उदाहरण म्हणजे इसाओ ताकाहाता यांचा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाईज’ (१९८८). आकियुकी नोसाका यांच्या १९६७ च्या कथेवरील या चित्रपटात नायक सेइता याचा मृत्यू आरंभीच दाखविला जातो. रहस्य राखून रडविण्याचा मोह दिग्दर्शकाने पहिल्याच दृश्यात सोडला आहे. आईने ठेवलेले पैसे बँकेत असताना सेइता मावशीचे घर सोडतो, समाजापासून तुटतो आणि त्याची लहान बहीण उपासमारीने मरते. युद्धविरोधी चित्रपट म्हणून त्याचा गौरव झाला, तेव्हा ताकाहातांनी ते वारंवार नाकारले. समाजाकडे पाठ फिरविणाऱ्या मुलाच्या निर्णयाकडे त्यांना लक्ष वेधावयाचे होते. परंतु प्रेक्षकांच्या अश्रूंत तो प्रश्नच वाहून गेला.

निराश प्रेक्षकालाही काही पथ्ये पाळावी लागतील. लोकप्रियता हा दोष नव्हे. इतरांना आवडते म्हणून नावे ठेवणे हीसुद्धा मेंढरांचीच रीत, फक्त उलट दिशेची. आपण कोठे आणि का कोरडे राहिलो, हे त्याने कृतीतील प्रसंग दाखवून सांगितले पाहिजे. आणि चाहत्याने त्याला उत्तर द्यावयाचे ते प्रसंगानेच, अश्रूंचा दाखला पुढे करून नव्हे. एकाच कृतीपुढे एक जण रडला आणि दुसरा गप्प बसला, तर दोघांपैकी एकाला हृदय नाही असा निष्कर्ष निघत नाही. त्या कृतीविषयी बोलण्याजोगे काही शिल्लक आहे, एवढाच निघतो. ते बोलणे जेथे चालू राहते, तेथेच रसिकता वाढीस लागते.