दोन पानांत काय लिहावे?



आपल्याकडे वकिलीला प्रवेश म्हणजे सीईटी आणि मार्कांची यादी. अमेरिकेत मार्कांशिवाय आणखी एक कागद लागतो. तिथे कायद्याचे शिक्षण पदवीनंतर तीन वर्षांचे, आपल्याकडे एलएल.बी. झालेली मुले बहुधा एक वर्षाच्या एलएल.एम.ला जातात. दोन्ही अर्जांत स्वतःविषयी निवेदन द्यावे लागते, त्याला पर्सनल स्टेटमेंट म्हणतात. पुष्कळ ठिकाणी ते दोनच पानांचे. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठी आहे, पण आधी विद्यापीठाने घेतले पाहिजे ना! म्हणून ही दोन पाने घरातल्या सर्वांनी समजून घ्यावीत.

विषय कोणता घ्यावा, इथेच मुले अडतात. पुष्कळ जण बाबासाहेबांपासून सुरुवात करतात. कोलंबिया, ग्रेज इन, संविधान, आणि दीड पान तिथेच संपते. भावना खरी आहे. पण १९१३ साली कोलंबियात कोण शिकायला गेले हे वाचून प्रवेश समितीला अर्ज करणारी मुलगी कशी कळणार? बाबासाहेबांना एक ओळ द्यावी, उरलेली जागा तिची.

दुसरा पेच गरिबीचा. वडील म्हणतात, घरची लाज परदेशात कशाला? मुलगा म्हणतो, गरिबी लिहिली की त्यांना दया येईल. मला दोघांचेही पटत नाही. पत्र्याच्या खोलीत राहणे ही लाज नव्हे आणि ती गुणवत्ताही नव्हे. त्या खोलीत राहून तू काय केलेस, ते लिही बाबा.

समजा, एका मुलीने घरच्यांसाठी जात पडताळणीची धावपळ केली आहे. वडिलांच्या दाखल्यावर 'बौद्ध', आजोबांच्या शाळेच्या नोंदीत 'महार'. समिती १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागते. ही पोरगी गावच्या शाळेत जाते, जुने रजिस्टर काढायला लावते, नक्कल मिळेपर्यंत तीन खेपा घालते, आणि १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर एकाच घराच्या कागदांवर दोन नावे का आली हे कारकुनाला समजावून सांगते. पुरावा म्हणजे काय, हे तिला कॉलेजात जाण्याआधीच कळले. याहून चांगला विषय कोणता? मात्र अमेरिकेतल्या वाचकाला पडताळणी ठाऊक नसते. ती दोन वाक्यांत सांगावी आणि लगेच रजिस्टरकडे यावे.

जातीचा उल्लेख करावा की नाही, असेही मुले विचारतात. २९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्डच्या खटल्यात वंश पाहून प्रवेश देण्याची पद्धत बंद केली. पण वंशामुळे आयुष्यावर काय परिणाम झाला हे विद्यार्थ्याने लिहिले, तर ते वाचायला मनाई नाही, असेही निकालात म्हटले आहे. फक्त त्यातून त्याचे धैर्य किंवा कर्तबगारी दिसली पाहिजे. निकाल वंशाबद्दलचा आहे, जातीचा नाही. तरी लिहिणाऱ्याने तेवढे ध्यानात ठेवावे. नुसते 'मी दलित आहे' एवढे लिहून भागणार नाही.

एलएल.एम.वाल्यांनी थोडे वेगळे करावे. तिथे प्रसंग आखूड ठेवावा आणि कामगार कायदा की मानवी हक्क, तोच विषय का, त्याच विद्यापीठात का, हे नेमके सांगावे. तेच निवेदन नाव बदलून पाच ठिकाणी पाठवणारे लगेच ओळखू येतात.

पैसे घेऊन निवेदन लिहून देणारे भेटतात. त्यांच्या नादी लागू नये. इंग्रजी तपासून घ्यायला हरकत नाही, पण गोष्ट आधी मराठीत स्वतः लिहावी. आणि पाठवण्यापूर्वी घरी वाचून दाखवावी. त्यात आईच्या धुण्याभांड्याच्या कामाचा किंवा वडिलांच्या दारूचा उल्लेख असेल, तर त्यांना विचारावे. नको म्हणाले तर ती ओळ काढून टाकावी.