वैमानिकाची लेखणी

लढणाऱ्याने लढावे आणि लिहिणाऱ्याने लिहावे, अशी वाटणी आमच्या रसिकांनी मनोमन करून टाकिली आहे. वैमानिकाविषयी लिहावयाचे ते आरामखुर्चीत बसून, गरुडाच्या उपमा देऊन. स्वतः वैमानिकास कोणी लेखणी धरावयास सांगत नाही. ही वाटणी आम्हांस साफ नामंजूर आहे.

सेसिल लुईस हा इंग्रज वय चोरून सतराव्या वर्षी वैमानिक होण्यास निघाला. 1 जुलै 1916 रोजी सोमच्या रणभूमीवर सुरुंगांनी उसळलेली माती त्याने आकाशातून पाहिली. पुढल्या वर्षी लढाऊ विमान चालविले. 1922 साली बीबीसी निघाली तेव्हा तिच्या आद्य मंडळींत तो होता, आणि 1936 मध्ये ‘सॅजिटेरियस रायझिंग’ हे त्याचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. त्यात भीती आहे, ढगांवरचा एकांत आहे. जयघोष फारसा नाही. ध्वनिक्षेपकापुढे बोलणाऱ्यास शब्द बेताने खर्चण्याची सवय लागत असावी, हे आमचे आपले अनुमान.

आमच्याकडे असे पुरुष निपजले नाहीत काय? मुंबईचे लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर 1918 च्या जूनमध्ये फ्रान्समध्ये कामी आले. लिहावयास आयुष्यच उरले नाही. पण हृषीकेश मुळगावकर दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढले, 1976 ते 1978 या काळात वायुसेनाप्रमुख होते, आणि त्यांचे आत्मवृत्त निघाले ते इंग्रजीत! दोष त्यांचा नव्हे. ज्या भाषेत हुकूम घेतले व दिले तीत माणूस लिहिणारच. मराठीने त्यांच्यापाशी आग्रह कितीसा धरिला?

मराठीत वैमानिकी शब्दच नाहीत, असे यावर सांगण्यात येते. इंजिन, मोटार, रेडिओ हे शब्द आमच्या शेतकऱ्याने कोशकाराची वाट न पाहता घरात घेतले. मग साहित्यिकांनीच एवढे सोवळे का पाळावे?

बारामतीच्या विमानतळावरून शिकाऊ विमाने उडतात. 25 जुलै 2022 रोजी त्यांपैकी एक इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात कोसळले. एकटीच उडणारी विद्यार्थिनी सुदैवाने बचावली. वृत्तपत्रांनी अपघाताची बातमी दिली. जमीन जवळ येताना काय दिसते, हात काय करतात, हे बातमीदार सांगू शकत नाही. ते तिथे बसलेल्यानेच सांगावे. आमच्या मासिकांनी या मुलामुलींकडून लेख मागवावेत, आकाशवाणीने त्यांना बोलते करावे. शुद्धलेखन आम्ही तपासू. आणि ‘लँडिंग’ला प्रतिशब्द सापडला नाही, तर तो शब्द तसाच छापावा.