'बायोशॉक' आणि विसंवादाचा निकष : एका समीक्षेचा प्रतिवाद

क्लिंट हॉकिंग यांनी ऑक्टोबर २००७ मध्ये 'बायोशॉक' या व्हिडिओ गेमवर लिहिलेले टिपण आकाराने लहान आहे. तरीही त्यातून रूढ झालेली 'लूडोनॅरेटिव्ह डिसोनन्स' ही संज्ञा खेळांच्या समीक्षेत चलनी नाण्यासारखी फिरत राहिली आहे. मराठीत तिला 'क्रीडा-कथन विसंवाद' म्हणता येईल. खेळाचे नियम एक सांगतात, खेळातील कथा दुसरेच सांगते आणि त्यामुळे कलाकृती आतून दुभंगते, असा तिचा आशय. एखादी संज्ञा इतक्या सहजपणे हाताशी येऊ लागली, की ती ज्या वाचनातून निघाली ते वाचन मुळात बरोबर होते काय, हा प्रश्न मागे पडतो. 'बायोशॉक'च्या बाबतीत तो विचारणे आवश्यक आहे. हॉकिंग यांचे वाचन संहितेशी ताडून पाहिले असता टिकत नाही, आणि मग त्यावर उभारलेला निकषही संशयास्पद ठरतो.

प्रथम संहितेचा परिचय. केन लेव्हीन यांच्या दिग्दर्शनाखाली तयार झालेला हा खेळ ऑगस्ट २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. १९६० साली अटलांटिक महासागरात एक विमान कोसळते आणि त्यातून वाचलेला जॅक समुद्रतळाशी वसलेल्या 'रॅप्चर' या नगरीत पोहोचतो. अँड्र्यू रायन या उद्योगपतीने ही नगरी १९४६ मध्ये स्थापलेली असते. शासन, धर्म आणि परोपकार या तिन्हींपासून मुक्त अशा, केवळ स्वहितावर चालणाऱ्या समाजाचे त्याचे स्वप्न म्हणजे अ‍ॅन रँड यांच्या तत्त्वज्ञानाची उघड छाया होय. जॅक पोहोचतो तेव्हा नगरी उद्ध्वस्त झालेली असते. अ‍ॅटलास नावाचा एक अनोळखी माणूस बिनतारी यंत्रावरून त्याला मार्ग दाखवू लागतो. जगायचे असेल तर 'अ‍ॅडम' हे द्रव्य मिळवावे लागते आणि ते 'लिटल सिस्टर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लहान मुलींच्या शरीरात असते. मुलीचा बळी घ्यावा की तिला वाचवावे, याचा निर्णय खेळणाऱ्यावर सोपवलेला आहे.

हॉकिंग यांचा पूर्वपक्ष असा. हा खेळ खेळणाऱ्याशी दोन करार करतो. नियमांचा करार म्हणतो : सामर्थ्य मिळव, म्हणजे पुढे जाशील. येथे रँडप्रणीत स्वहितवाद स्वीकारून मुलींचा बळी घेण्याची मुभा आहे आणि तो नाकारून त्यांना वाचवण्याचीही. कथेचा करार म्हणतो : अ‍ॅटलासला मदत कर, म्हणजे पुढे जाशील. येथे मात्र पर्याय नाही. स्वहितवादी खेळणाऱ्याला रायनच्या बाजूला जावेसे वाटले तरी तसे जाता येत नाही. त्याने खेळणे थांबवावे, एवढेच उरते. पुढे उघड होते, की जॅकच्या मनावर लहानपणीच संस्कार करून ठेवलेले आहेत आणि 'वुड यू काइंडली' हे तीन शब्द कानी पडताच तो आज्ञा पाळतो. हॉकिंग यांच्या मते हा उलगडा दोष झाकत तर नाहीच, उलट ज्या खेळणाऱ्याने विश्वासाने कथा स्वीकारली त्याचीच थट्टा करतो. हॉकिंग या खेळाचे मोठेपण नाकारीत नाहीत, हे येथे नमूद केले पाहिजे. त्यांचे म्हणणे एवढेच, की दोन करारांतील विसंवादामुळे तो आतून मोडला आहे.

पूर्वपक्षाची मांडणी नेटकी आहे. परंतु तिच्यातील पहिला करार संहितेत आहे तसा वाचलेला नाही. मुलीचा बळी घेतल्यास १६० अ‍ॅडम मिळते, तिला वाचवल्यास ८०. येथपर्यंत स्वहित आणि करुणा यांच्यात खरोखरच सौदा दिसतो. पण प्रत्येक तीन मुली वाचवल्यावर डॉ. टेनेनबाम खेळणाऱ्यासाठी भेट ठेवते आणि तीत २०० अ‍ॅडम असते. म्हणजे तीन बळींमागे ४८०, तर तीन सुटकांमागे ४४०. शिवाय भेटीत इतर शक्तीही मिळतात. ज्या सौद्यात करुणेची किंमत जवळपास भरून निघते, त्याला स्वहितवादाची कसोटी म्हणता येत नाही. हॉकिंग यांनी नियमांच्या संहितेतून काढलेला सिद्धान्त त्या संहितेच्या साध्या हिशेबातही बसत नाही.

या हिशेबावरून अनेकांनी खेळालाच दोष दिला आहे : नैतिक निवड फुकट असेल तर ती निवड कसली? हा आक्षेप हॉकिंग यांच्या आक्षेपापेक्षा अधिक गंभीर आहे. मात्र त्यातही एक गोष्ट निसटते. पहिल्या मुलीसमोर उभ्या असलेल्या खेळणाऱ्याला हा हिशेब ठाऊक नसतो. त्याच्यापुढे असतात दोन आवाज. ही आता मुलगी उरलेली नाही, जगायचे तर अ‍ॅडम घेतलेच पाहिजे, असे अ‍ॅटलास बजावतो. टेनेनबाम मुलीसाठी याचना करते आणि वाचवल्यास मोबदला मिळेल असा शब्द देते. खेळणारा निवडतो ती स्वार्थ किंवा परमार्थ यांपैकी एक गोष्ट नव्हे. कोणत्या अनोळखी आवाजावर विश्वास ठेवायचा, हे तो निवडतो. कथेचा पेचही नेमका हाच आहे. अ‍ॅटलासवर ठेवलेला विश्वास घात करतो, टेनेनबामचा शब्द खरा ठरतो. तेव्हा हॉकिंग ज्यांना दोन परस्परविरोधी करार म्हणतात, त्यांच्या तळाशी एकच करार आहे : दुसऱ्याच्या शब्दावर पाऊल टाकणे. विसंवाद शोधण्याच्या घाईत हा संवाद त्यांच्या नजरेतून सुटला.

याच प्रसंगातील आणखी एक तपशील महत्त्वाचा आहे. मुलीचा बळी घे, असा आग्रह धरताना अ‍ॅटलास ते तीन शब्द उच्चारत नाही. त्यामुळे जॅक त्याचे म्हणणे येथे झुगारू शकतो आणि खेळणाराही. स्वातंत्र्य आणि सक्ती यांची वाटणी नियमांकडे एक आणि कथेकडे दुसरी, अशी यांत्रिक नाही. सक्तीला संहितेत स्वतःची खूण आहे आणि दुसऱ्यांदा खेळणाऱ्याला ती वाचता येते. ज्या रचनेत सक्तीची खूण अशी पेरलेली आहे, तिला अनवधानाने झालेली गफलत म्हणणे म्हणजे वाचन अर्धवट सोडणे होय.

आता मूळ गृहीतकाकडे वळले पाहिजे. नियम आणि कथा यांनी एकच गोष्ट सांगावी, ही अपेक्षा हॉकिंग सिद्ध करीत नाहीत. ती गृहीत धरतात. मराठी समीक्षेला हे गृहीतक अपरिचित नाही. कलाकृतीच्या सेंद्रिय एकतेचा आग्रह आपल्याकडेही बराच काळ अढळ मानला गेला. पण ज्या मर्ढेकरांचा आधार त्यासाठी घेतला जाई, त्यांच्या लयसिद्धान्तात संवाद आणि समतोल यांच्या बरोबरीने विरोधालाही स्थान आहे. विरोधाने घाट बिघडतो असे मर्ढेकर मानत नाहीत. विरोध हा घाट घडण्याचा एक मार्ग आहे. तेव्हा प्रश्न विसंवाद आहे की नाही, हा नव्हे. तो विसंवाद कलाकृतीत कोणते कार्य करतो, हा खरा प्रश्न होय.

'बायोशॉक'मध्ये त्याचे कार्य स्पष्ट आहे, कारण रॅप्चरची घडणच त्याच विसंवादाची आहे. या नगरीत माणसाला बाजारातील कोणतीही शक्ती विकत घेता येते, पण नगरी सोडून जाता येत नाही. बाहेरच्या जगाशी चोरटा व्यापार करणाऱ्याला देहान्ताची शिक्षा होते. खासगी मालमत्तेचा कैवारी रायन प्रतिस्पर्धी फाँटेनचा उद्योग अखेर बळाने ताब्यात घेतो. लहान निवडींचे भरपूर स्वातंत्र्य आणि मोठ्या दिशेबाबत पूर्ण असहायता, हे रॅप्चरच्या नागरिकाचे प्राक्तन आहे. खेळणाऱ्याच्या वाट्यालाही तेच येते. कोणती शक्ती घ्यावी, शत्रूला कसे मारावे, हे त्याने ठरवायचे. कोठे जायचे आणि कोणासाठी, हे ठरवणारा दुसराच असतो. कथेने हा विरोध केवळ सांगितला असता तर रँडविरोधी प्रबंधिका तयार झाली असती. नियम आणि कथा यांच्यातील तणावामुळे खेळणारा तो विरोध स्वतः भोगतो. हॉकिंग ज्याला तडा म्हणतात, तेथूनच खेळाचा आशय आत येतो.

थट्टेचा आरोपही याच दृष्टीने तपासावा. रायनच्या वधाच्या प्रसंगी खेळणाऱ्याच्या हातातील नियंत्रण काढून घेतले जाते. रायन स्वतःच गोल्फची काठी जॅकच्या हाती देतो, आणि खेळणाऱ्याची इच्छा असो वा नसो, जॅकचा हात चालतो. यात उपहास असेल तर तो विश्वास ठेवल्याबद्दल नाही. आज्ञापालनालाच आपण कर्तृत्व समजत होतो, याबद्दल आहे. कादंबरीचा वाचकही निवेदकाच्या शब्दावर पाने उलटतो आणि निवेदक अविश्वसनीय निघाला तर मागचे सारे वाचन नव्या प्रकाशात पाहतो. अशा वाचकाचा अपमान झाला, असे साहित्यसमीक्षा म्हणत नाही. त्याच्या वाचनव्यवहारालाच आशयाचा दर्जा मिळाला, असे ती म्हणते.

याचा अर्थ 'बायोशॉक' निर्दोष आहे असा नव्हे. रायनच्या मृत्यूनंतरचा भाग उघडपणे दुबळा आहे. जॅक संस्कारातून मुक्त होतो तो टेनेनबामच्या साहाय्याने, आणि लगेच तिच्या सूचनांनुसार तसाच वागू लागतो. आज्ञापालनाविषयी एवढा मोठा प्रश्न उभा केल्यानंतर खेळाजवळ मुक्त माणसाच्या कृतीचे एकही रूप उरत नाही. शेवटही मुलींशी केलेल्या वर्तनावरून चांगला किंवा वाईट असा वाटून दिला जातो. मात्र हॉकिंग यांच्या निकषाने पाहिले तर याच भागात संवाद अधिक आहे. आता जॅकचे स्वहित, कथेची दिशा आणि नियमांची मागणी ही तिन्ही एकाच बिंदूवर येतात : फाँटेनचा नाश. विसंवाद मिटतो आणि खेळ निष्प्राण होतो. जो निकष कलाकृतीचा सर्वांत जिवंत भाग सदोष ठरवतो आणि सर्वांत मृत भागाला उत्तीर्ण करतो, त्याच्या उपयुक्ततेविषयी यापेक्षा वेगळा पुरावा लागू नये. 'बायोशॉक'चा दोष विसंवादात नाही. त्याने विसंवाद शेवटपर्यंत निभावला नाही, यात आहे.

हॉकिंग स्वतः खेळ घडवणारे आहेत; त्यांच्या दिग्दर्शनाखालील 'फार क्राय २' २००८ मध्ये आला. नियमांतूनच अर्थ निर्माण व्हावा, हा निर्मात्याचा आग्रह म्हणून समजण्यासारखा आणि फलदायीही आहे. पण कलावंताची भूमिका हा त्याच्या निर्मितीचा नियम असतो. तिला सर्व कृतींच्या मूल्यमापनाचा निकष करण्याचे काम नंतरच्या समीक्षकांनी केले. त्यांच्या हाती ती संज्ञा शिक्क्यासारखी झाली : खेळाचे नियम आणि कथा वेगळे दिसले की शिक्का मारायचा आणि वाचन संपवायचे.

या आयत्या शिक्क्याचा मोह मराठीतल्या अभ्यासकालाही पडण्यासारखा आहे. व्हिडिओ गेमसारख्या नव्या संहितांकडे आपले विद्यार्थी वळतील तेव्हा त्यांच्या हाती प्रथम संज्ञा पडतील आणि संहिता नंतर. 'वास्तववाद', 'देशीयता', 'जाणीव' या शब्दांनी आपल्याकडे किती कृतींचे वाचन परस्पर उरकले गेले, याचा अनुभव ताजा आहे. विसंवाद दिसणे ही वाचनाची सुरुवात होय. तेथेच निकाल देणारा समीक्षक, मग तो कितीही कुशाग्र असो, कृतीऐवजी आपली अपेक्षाच वाचत असतो. हॉकिंग यांच्या टिपणाचे ऋण मान्य करूनही, 'बायोशॉक'वर त्यांनी दिलेला निकाल फिरवावाच लागेल.