आवाज गेला म्हणून फॉरमॅट नको

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित पाठिंबा थांबवला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप हवी, इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. या दोन अटींमुळे चांगले चालणारे कितीतरी संगणक एका रात्रीत ‘जुने’ ठरले. रायपूरमध्ये तात्यापारा, चौबे कॉलनी अशा भागांत मराठी कुटुंबं पिढ्यान् पिढ्या नांदताहेत. तिथल्या घरातला असा लॅपटॉप भंगारात न काढता त्यावर उबुंटू किंवा मिंट ही लिनक्स प्रणाली टाकण्याचा निर्णय कुणी घेतला, तर तो खिशालाही परवडतो आणि कचराही वाचवतो. पुढे सगळं सुरळीत होतं, आणि मग कुणीतरी गाणं लावतं. प्लेअरमधली वेळेची पट्टी सरकते, सेकंद मोजले जातात. आवाजाचा मात्र पत्ता नसतो.

अशा वेळी हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘फॉरमॅट मारा’. तो निरुपयोगी आहेच, वर महागही पडतो: फोटो आणि कागदपत्रं हलवा, अर्धा दिवस घालवा, दुकानदाराचे पैसे द्या, आणि कारण कळलेलंच नसल्यामुळे तोच दोष पुन्हा समोर. नळाला पाणी आलं नाही तर कुणी घर पाडत नाही. आधी टाकी बघतात, मग व्हॉल्व्ह, मग तोटी. लिनक्समधला आवाजही असाच टप्प्याटप्प्याने शोधायचा असतो, आणि तो शोधता येतो हीच या प्रणालीची खरी जमेची बाजू आहे.

टप्पे चार. सर्वांत वर ऱ्हिदमबॉक्स किंवा व्हीएलसीसारखा प्लेअर. त्याखाली साउंड सर्व्हर, म्हणजे अनेक प्रोग्रॅमचे आवाज एकत्र करून योग्य स्पीकरकडे धाडणारा मधला कारभारी. त्याखाली कर्नलमधली, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातली, अल्सा ही ध्वनियंत्रणा, आणि तळाशी प्रत्यक्ष साउंड कार्ड. यातला मधला कारभारी गेल्या वीस वर्षांत बदलत गेला, आणि गोंधळाचं मूळ बरंचसं तिथे आहे. लेनार्ट पोटरिंग यांचा पल्सऑडिओ उबुंटूने २००८च्या ८.०४ आवृत्तीत घेतला, तेव्हा पुष्कळांचे आवाज बंद पडले आणि ‘पल्सऑडिओ काढून टाका’ हा उपाय सर्वतोमुखी झाला. पुढे विम टायमन्स यांचा पाइपवायर आला. फेडोराने तो २०२१मध्ये ३४व्या आवृत्तीपासून आणि उबुंटूने २०२२मध्ये २२.१०पासून मुख्य कामाला लावला. जुने उपाय इंटरनेटवर आजही तसेच पडून आहेत. ते डोळे मिटून चालवले, तर चालू असलेलंही बंद पडतं.

शोध कसा घ्यायचा, ते एका उदाहरणातून बघू. पॅव्हूकंट्रोल नावाचा छोटा प्रोग्रॅम उघडायचा आणि गाणं चालू ठेवायचं. त्याच्या ‘प्लेबॅक’ या पानावर प्लेअरचं नाव दिसतं आणि खाली एक पट्टी असते. ती गाण्याच्या तालावर नाचत असेल, तर प्लेअर निर्दोष आहे. आवाज कारभाऱ्यापर्यंत पोचला, अडथळा त्याच्या खाली. नाव दिसलं पण पट्टी निपचित, तर दोष वरच्या बाजूला. मग ‘आउटपुट डिव्हाइसेस’ बघायचं. एचडीएमआयची केबल टीव्हीला जोडलेली असेल, तर आवाज बंद ठेवलेल्या टीव्हीकडे निघून जात असतो आणि लॅपटॉपचे स्पीकर बिचारे रिकामे बसतात.

तिथेही सगळं ठीक असेल तर टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर. एफ-६ दाबून खरं कार्ड निवडलं की मास्टर, हेडफोन, स्पीकर असे उभे खांब समोर येतात. खांबाच्या तळाशी दोन ‘एम’ दिसले तर तो मुका केलेला आहे. बाणाने त्यावर जाऊन एम हे बटण दाबलं की तिथे हिरवी दोन शून्यं येतात. मास्टर उघडा आणि स्पीकर मुका, असं खूपदा सापडतं. ‘ऑटो-म्यूट मोड’ हाही एक छुपा मानकरी: हेडफोनच्या खाचेत धूळ बसून काही घातल्याचा भास झाला, की तो इमानेइतबारे स्पीकर बंद करतो. दुरुस्ती इतकीच, एका बटणाची.

बाकीचे दोष लवकर आटपतात. कार्डच दिसत नसेल तर बहुधा फर्मवेअर, म्हणजे कार्ड चालवणारी छोटी फाइल, नाही. नव्या इंटेल लॅपटॉपवर ही तक्रार जास्त. डेबियनने २०२३च्या १२व्या आवृत्तीपासून असं फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच द्यायला सुरुवात केली आणि बराच त्रास वाचला. ब्लूटूथ हेडफोनवर गाणं अचानक टेलिफोनसारखं चिरकं झालं, तर माइक वापरणारा एखादा प्रोग्रॅम चालू आहे. तो बंद करून हेडफोनचा प्रोफाइल पुन्हा एटूडीपीवर, म्हणजे चांगल्या आवाजाच्या पर्यायावर, आणायचा. एमपीथ्री न वाजण्याचं मूळ पेटंटमध्ये होतं. फ्राउनहोफर संस्थेने २०१७मध्ये परवाने देणं थांबवलं, आणि तो प्रश्न जवळपास मिटला.

व्हीएलसीची गोष्ट इथे आठवते. २०२२मध्ये भारतात त्याचं संकेतस्थळ काही महिने बंद होतं आणि विंडोजवाले भलत्याच ठिकाणांहून फायली उतरवत होते. लिनक्सवाल्यांना तो प्लेअर आपापल्या वितरणाच्या भांडारातून नेहमीसारखा मिळत राहिला. खुल्या प्रणालीचा फायदा असा रोजच्या वापरात दिसतो.

म्हणून मागणी साधी आहे. संगणक वर्गांत टॅली आणि वर्ड शिकवतात, तसा दोष शोधण्याचा एक तासही ठेवावा. रायपूरच्या महाराष्ट्र मंडळासारख्या संस्थांनी आपल्या सभासदांसाठी रविवारी सकाळी असा एखादा वर्ग घ्यावा: मराठी आणि हिंदीत छापलेला एक कागद, त्यावर हे चार टप्पे क्रमाने, आणि शेजारी ज्याचा आवाज गेलाय असा एक खराखुरा लॅपटॉप. विंडोज १० सोडणारी घरं अजून निर्णय घेताहेत, तोवर हा कागद तयार व्हायला हवा.