तारे मोजायचे कोणी?

पूर्णेत मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. चार पैसे हाती असलेल्या घरांत आता कूलरच्या जागी एसी येऊ लागलाय. तो पसंत करायला पुरुष जातात. वीजबिल फुगले की बोलणी मात्र बाईने खायची. म्हणून एसीवरची ताऱ्यांची पट्टी बाईने स्वतः वाचावी, असे मी गटाच्या बैठकांत सांगत असते.

केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची ही पट्टी २००६ साली ऐच्छिक म्हणून सुरू झाली, २०१० पासून एसीला सक्तीची झाली. दुकानदार तारे दाखवतो. आपण वर्षाच्या युनिटांचा आकडा बघावा. तो १६०० तास धरून काढलेला असतो; आपल्याकडे एसी त्याहून जास्त चालला तर युनिटेही जास्त. पट्टीवरचे सालही बघा. निकष कडक होत जातात, त्यामुळे पडून राहिलेल्या मालावरचे पाच तारे आजचे पाच नव्हेत. शिवाय युनिटे वाढली की महावितरणचा दरही वरच्या टप्प्याचा लागतो.

पण एसी बसतो कुठे? बैठकीत, नाहीतर निजायच्या खोलीत. भर उन्हाळ्यात भाकरी थापणारीच्या डोक्यावर पंखासुद्धा नसतो, कारण गॅस विझतो! घरच्या गारव्याचा हिशेब चुलीपाशी येऊन थांबतो, हे मला मान्य नाही. एसीचे अंदाजपत्रक मांडाल तेव्हा स्वयंपाकघराच्या एक्झॉस्ट पंख्याची रक्कम त्यात आधी लिहा. आणि मैत्रिणींनो, दुकानात तुम्हीही जा.