रंगाखाली काय आहे?

#थ्रेड

जुन्या इंग्रजी घरांतील दारांच्या चौकटी आणि शेकोटीभोवतीची सजावट यांवरचा रंग उतरवून ‘अस्सल’ पाइनचे लाकूड उघडे करण्याची हौस विसाव्या शतकात बोकाळली. जतनाच्या नावाखाली झालेली ही नासधूसच होय.

कारण अठराव्या शतकातील पुष्कळ चौकटी निव्वळ लाकडाच्या नव्हत्याच. रॉबर्ट अॅडम (१७२८–१७९२) या वास्तुकाराच्या काळात लंडनमध्ये ‘कॉम्पो’ची चलती झाली. खडूची पूड, सरस, राळ आणि जवसाचे तेल यांचा हा कणकेसारखा गोळा. तो गरम असतानाच बॉक्सवुडच्या उलट्या कोरलेल्या साच्यात दाबला जाई. निघालेली वेल मऊ असेतो लाकडावर चिकटवत. वळणावर ती सहज वळे आणि वाळल्यावर दगडासारखी कडक होई.

सरळ पट्टी रंध्याने पाइनमध्ये स्वस्तात निघे. पुन्हापुन्हा येणारी पाने, मणी, फुलांच्या माळा मात्र हाताने कोरणे फार खर्चाचे; ती कॉम्पोची. छताचे नक्षीकाम बहुधा प्लास्टरचे. ज्या पदार्थाला जे साधते तेच त्याच्याकडून करून घ्यायचे आणि वरून एकच रंग द्यायचा, असा हा हिशेब होता. याला फसवणूक म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की, गाठींचे स्वस्त पाइन उघडे ठेवण्याचा विचार त्या सुतारानेही केला नव्हता. रंग हा त्या रचनेचाच भाग होता.

सरस पाण्याने आणि उष्णतेने मऊ पडतो. (जतनतज्ज्ञ कॉम्पोचा तुकडा सुटा करण्यासाठी वाफेचा उपयोग करतात, तो याच गुणामुळे.) मग कॉस्टिक सोड्याच्या हौदात बुडवलेल्या चौकटीचे काय होणार? रंगासोबत नक्षीही जाते. लाकडावर कधीकधी पानांच्या पुसट आकृत्या तेवढ्या उरतात, आणि ती चौकट साधेपणासाठी वाखाणली जाते!

रंगाचे थर साचले की पाकळ्यांची धार बुजते, ही तक्रार रास्त आहे. तेथे थर जरूर कमी करावेत. पण आधी कोपऱ्यात लहानशी चाचणी घेऊन, हाताने, थोडेथोडे. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून कोरडे घासणे टाळावे. आणि काम झाल्यावर चौकट पुन्हा रंगवावी.