साठांतली तीस

जुन्या व्हिडिओ गेमचा खेळ चित्रित करून ठेवणारी मंडळी आज पुष्कळ आहेत. उद्योग चांगला, पण त्यांतले बरेच जण अर्धाच खेळ टिपतात आणि त्याला ‘जतन’ म्हणतात, याला माझा स्पष्ट विरोध आहे.

जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८३ साली फॅमिकॉम हे यंत्र काढले. ते सेकंदाला सुमारे ६० चित्रे पडद्यावर टाकते. हलत्या आकृतींचे ८ पेक्षा अधिक तुकडे एका आडव्या रेषेवर दाखवणे त्याला जमत नाही. कारागिरांनी तोड काढली : काही आकृती या चित्रात, उरलेल्या पुढच्या चित्रात. डोळ्यांना सगळ्याच दिसतात. थोड्या लुकलुकतात, इतकेच.

आता हाच खेळ सेकंदाला ३० चित्रांनी टिपा. दर दोन चित्रांतले एक गळते, आणि एकाआड एक चित्रात येणारा शत्रू त्याबरोबर नाहीसा होतो! नायक बिचारा हवेशी लढतो आणि हवेच्याच हातून मरतो.

“पोरखेळासाठी एवढा काथ्याकूट कशाला?” असे कुणी विचारील. मी शिक्षक आहे. माझ्या वर्गातली बहुतेक मुले ते यंत्र कधी हाताळणार नाहीत. चित्रण मात्र पाहतील, आणि म्हणतील, त्या लोकांना धड खेळ करता येत नव्हता. कारागिराची अब्रू अशी फुकट जाते.

माझ्या कादंबरीचे एकाआड एक पान गाळून कुणी ती छापली, तर त्याला मी प्रकाशक म्हणू काय? साठ चित्रे टिपणारी साधने आज मिळतात. मग साठच्या साठ टिपा!